लेकीस, तिच्या नव्या कॅमेऱ्यानिमित्त

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

"आई, तू हे सगळं शिकलीस कुठे?" असं तू फोनवर विचारलंस, पण त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही. कुठल्याही वर्गात गेले नाही. मला शिकवलं ते बिघडलेल्या फोटोंनी.

तेव्हा एका रोलमध्ये 36 फोटो यायचे आणि रोल धुऊन येईपर्यंत काय निघालंय ते कळायचं नाही. म्हणून मी वही ठेवायचे. प्रत्येक फोटोचा नंबर, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं), शटर (ते किती वेळ उघडं), ऊन होतं की सावली. प्रिंट आले की वही शेजारी उघडून बसायचं. पांढऱ्या भिंतीचा फोटो दर वेळी मळकट का येतो, हे मला असंच उमगलं. भिंत पांढरी आहे हे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला ठाऊकच नसतं. समोर असेल ते मध्यम करडं, असं धरून तो आकडा सांगतो. त्यामुळे पांढऱ्याला त्याने सांगितल्यापेक्षा जास्त प्रकाश द्यायचा, काळ्याला कमी. तुझा कॅमेरा कितीतरी हुशार आहे, पण पांढऱ्याशुभ्र गोष्टींपुढे तोही अजून गडबडतो. करून बघ.

आणि एकदा मीटर न बघता फोटो काढ. लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर 16 आणि आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 100 ला शटर 1/125 सेकंद. अॅपर्चरचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. 16 वरून 11 वर आलीस की प्रकाश दुप्पट, 8 वर आलीस की चौपट. थोड्या दिवसांत कॅमेरा उचलण्याआधीच ऊन किती आहे ते डोळ्यांना कळायला लागतं. मला तर आता कुणाशी बोलतानाही त्याच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडलाय ते आधी दिसतं.

डार्करूमचं वेड मात्र शब्दांत सांगणं अवघड. फोटोचा प्रकाश पाडलेला, पण अजून कोराच दिसणारा कागद लाल दिव्यात डेव्हलपरच्या, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रे हलकेच हलवत राहायचं. तू तान्ही होतीस तेव्हाचा फोटो असाच उमटला. आधी जावळ, मग डोळ्यांच्या बाहुल्या, मग ओठांची कड. गाल सगळ्यात शेवटी, कारण उजळ भाग हळू येतो. इतक्या वर्षांनी कारण पाठ झालंय, तरी श्वास रोखला जातोच.

व्हिव्हियन मायरचं नाव तू ऐकलं असशील. मुलं सांभाळण्याची नोकरी करता करता तिने लाखाहून जास्त फोटो काढले, कुणाला फारसे दाखवले नाहीत. 2007 मध्ये तिचं सामान लिलावात निघालं तेव्हा ते लोकांच्या हाती लागले, आणि 2009 मध्ये ती गेल्यावर नाव झालं. प्रसिद्धी मिळाली नाही म्हणून लोक हळहळतात. मला हळहळ वाटते ती तिच्या न धुतलेल्या रोलांची. इतक्या जिवाने टिपलेलं तिचं तिलाच बघायला मिळालं नाही.

म्हणून तुझे फोटो मोबाईलमध्ये कोंडून ठेवू नकोस. निवडून प्रिंट काढ, मोठे काढ, आणि येताना घेऊन ये. टेबलावर पसरू आणि मनसोक्त वाद घालू. जिन्यावरच्या मुलीचा तो हललेला फोटो तू काढून टाकणार म्हणालीस, तो टाकू नकोस. पाय हललेत, पण चेहरा स्थिर आहे, आणि ती धावतेय हे त्यामुळेच कळतं. तो आधी प्रिंट कर.

तुझी,
आई