नळी बसली, पण ऑक्सिजन कितीवर गेला होता?

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

विषय: रुग्णवाहिकेत इंट्युबेशन करताना रुग्णाचा ऑक्सिजन टिकवण्याबाबत

महोदय,

मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करतो. आमच्या अहवालात इंट्युबेशनसाठी एकच रकाना आहे: श्वासनलिकेत नळी बसली की नाही. ती बसेपर्यंत रक्तातला ऑक्सिजन कितीवर उतरला, हे कुणी विचारत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की श्वास थांबतो. तिथून पुढे रुग्ण फुफ्फुसातल्या साठ्यावर तग धरतो. आधी तीन मिनिटं घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, तर धडधाकट माणसाला ९० टक्क्यांवर उतरायला आठेक मिनिटं लागू शकतात. साध्या हवेवर जेमतेम एक. पण धडधाकट माणूस आमच्या स्ट्रेचरवर येतोच कशाला? लठ्ठ रुग्ण, लहान मूल, न्यूमोनियाने भरलेली छाती, यांचा साठा फार लवकर संपतो. ९० खाली आकडा उतरत नाही, कोसळतो. त्यात बोटावरचा ऑक्सिमीटर मागून चालतो. तो ९२ दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात ऑक्सिजन आणखी खाली गेलेला असू शकतो.

उपाय ठाऊक आहेत. डोक्याकडची बाजू उचला, अँबू बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) पीप व्हॉल्व्ह (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब टिकवणारी झडप) लावा. २०१९ च्या प्रीव्हेंट चाचणीत, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना भूल दिल्यापासून लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घशात पाहण्याचं उपकरण) घालेपर्यंत बॅगने श्वास दिला, तेव्हा ऑक्सिजन ८० खाली जाण्याचं प्रमाण २२.८ वरून १०.९ टक्क्यांवर आलं.

नळी घालताना नाकातून १५ लिटरने ऑक्सिजन चालू ठेवावा, असंही आम्हाला शिकवतात. अडतं इथेच. गाडीत फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजून सोडणारं उपकरण) एकच. तो बॅगला जोडला तर नाकाला काय जोडायचं? दोन्ही मिळून मिनिटाला ३० लिटर लागतात. हातातला छोटा सिलिंडर तेवढ्यात बघता बघता संपतो. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या खरेदीला मात्र उत्साह असतो. (उपकरण चांगलंच आहे, फोटोतही छान दिसतं.)

म्हणून मागणी अशी: प्रत्येक गाडीत दुसरा फ्लोमीटर, पीप व्हॉल्व्ह आणि पुरेसा ऑक्सिजन द्या. अहवालात 'सर्वांत कमी ऑक्सिजन' हा रकाना घाला. आणि ऑक्सिजन टिकत नसेल तर नळीचा हट्ट सोडून बॅगने किंवा सुप्राग्लॉटिक उपकरणाने (श्वासनलिकेत न घालता तिच्या तोंडावर बसणारी नळी) श्वास देत रुग्णालय गाठणाऱ्याला 'अपयशी' धरू नका.

आपला,
रुग्णवाहिकेवरील एक वैद्यकीय अधिकारी