डिपॉझिट सोडून देऊ नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"जाऊ दे ना बाबा, कोण मागे लागणार त्यांच्या," असं तू फोनवर म्हणालीस, ते मला पटलेलं नाही. तू सामान लावून दमली होतीस म्हणून तेव्हा वाद घातला नाही. पण सोडलेल्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट परत द्यायला घरमालक रोज "बघतो, करतो" म्हणतायत आणि तूही सोडून द्यायच्या बेतात आहेस, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डिपॉझिट म्हणजे मालकांची कमाई नव्हे. ते तुझेच पैसे, त्यांच्याकडे नुसते ठेवलेले. भाडं थकलं, बिल राहिलं, घरात मोडतोड झाली, तर त्यातून कापायचा त्यांना अधिकार आहे. पण कशाचे किती कापले हे त्यांनी सांगायला हवं, शक्यतो पावत्यांसकट. "रंगकाम आणि साफसफाईत सगळे गेले" हा काही हिशेब झाला नाही.

आधी करारनामा काढून शांतपणे वाच. नोटीस किती दिवसांची होती, पैसे किती दिवसांत परत द्यायचे, रंगाचा खर्च कोणाचा, हे त्यात असेल. रंगाचा खर्च भाडेकरूचा असं लिहिलं असेल आणि तू सही केली असशील, तर तेवढा मान्य कर. तसं काही नसेल, तर वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक असतो. उन्हाने फिका पडलेला रंग, चालून घासलेली फरशी ही झीज. तिचे पैसे सहसा भाडेकरूकडून घेत नाहीत. न्हाणीघराच्या दाराची कडी तुमच्याकडून तुटली, ते नुकसान. त्याचे दे, आणि तू स्वतःहून दे. भिंतीवर तुमच्यामुळे डाग पडले असले तरी अख्ख्या नव्या रंगाचा खर्च तुझ्या माथी येत नाही. समज, रंग पाच वर्षं टिकतो आणि तो चार वर्षांचा झाला होता. मग फार तर पाचवा हिस्सा तुझा.

आता पुरावे. राहायला गेलीस तेव्हाचे आणि निघतानाचे फोटो, मीटरचं रीडिंग, शेवटची बिलं, डिपॉझिट भरल्याची बँकेतली नोंद, किल्ल्या दिल्याचा मेसेज, सगळं एका फोल्डरमध्ये ठेव. फोटो मूळ फाइलच ठेव. मेसेजमधून फिरलेल्या फोटोतून तारखेची माहिती बऱ्याचदा निघून जाते.

मग त्यांना ईमेल लिही. फोन नको, कारण फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही. अमुक तारखेला घर रिकामं केलं, किल्ल्या दिल्या, डिपॉझिट इतकं होतं, कडीचे इतके मला मान्य, उरलेले इतके या खात्यात अमुक तारखेपर्यंत जमा करावेत. आणखी काही कापायचं असेल तर तपशील आणि पावत्या पाठवाव्यात. एवढंच. राग नको, धमकी नको, जुन्या गळक्या नळाची तक्रारही नको. करार तुम्हा दोघींच्या नावावर असेल, तर तुझ्या मैत्रिणीचंही नाव त्यात घाल.

त्यांनी थोडे पैसे पाठवले तर घे, पण "एवढी रक्कम मिळाली, उरलेली बाकी आहे" असं लगेच लिहून कळव. "पूर्ण हिशेब मिटला" अशा कागदावर मात्र सगळे पैसे हातात येईपर्यंत सही करू नकोस. लोक इथेच फसतात.

तारीख उलटून गेली तर एक आठवणीचं पत्र, मग वकिलाची नोटीस. त्यापुढे भाड्याचे किंवा लहान रकमांचे दावे जिथे चालतात तिथे अर्ज. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि दाव्यालाही मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने थांबू नकोस. दाव्याचा खर्च रकमेपेक्षा जास्त होतोय असं दिसलं तर तेव्हा विचार करू. बहुतेक वेळा नीट लिहिलेल्या पत्रावरच काम होतं.

मालक वयाने मोठे आहेत, तुझ्याशी चांगले वागले, म्हणून मागायला तुला संकोच वाटतो हे मी जाणतो. पण भीड ही भिकेची बहीण. चांगल्या माणसाकडेही आपले पैसे मागता येतात, आणि आदर ठेवून मागता येतात.

मसुदा आज रात्री मला पाठव, मी वाचून कळवतो. पाठवायचा मात्र तूच, तुझ्या नावाने. करारावर सही तुझी आहे.

तुझे
बाबा