माणूस पडला, पाकीट दुसऱ्याचंच खपलं

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की चिप्स-कुरकुऱ्यांच्या जाहिराती म्हणजे नुसता पोरकटपणा, मालाबद्दल काही सांगतच नाहीत. माझं विश्रामबागला छोटं किराणा दुकान आहे, दारात पाकिटांच्या माळा लटकतात, म्हणून म्हटलं आपण पण चार ओळी लिहाव्यात.

अहो, पाच-दहा रुपयाच्या पाकिटाबद्दल सांगणार काय? फ्रीज घेताना माणूस चार दुकानं फिरतो, वॉरंटी विचारतो, चिप्सला कोण विचारतंय. गिऱ्हाईक माळेसमोर क्षणभर थांबतं, तेवढ्यात नाव तोंडात आलं पाहिजे, बास. त्यासाठी हसवण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

पण सगळेच विनोद सारखे नसतात हां. कुरकुरे 1999 ला आलं, पुढं जुही चावला आली आणि 'टेढा है पर मेरा है' सुरू झालं. त्यातली गंमत अशी की माल खरंच वाकडातिकडा, दोन तुकडे एकसारखे निघत नाहीत, आणि तोच धागा पकडून घरातली तऱ्हेवाईक माणसं दाखवली. प्रत्येकाच्या घरात असा एक काका असतोच, त्यामुळं बघणाऱ्याला हे आपलंच घर वाटतं, वर कुणाला राग पण येत नाही कारण कसाही असला तरी शेवटी 'मेरा है'. आयटीसीचं बिंगो 2007 ला आलं तेव्हा लेज आणि कुरकुरे आधीच ठाण मांडून बसलेले, मग त्यांनी काहीच्या काही जाहिराती काढल्या, कॉलेजची पोरं पोट धरून हसायची आणि मोठी माणसं म्हणायची ह्यात हसण्यासारखं काय आहे? तेच तर पाहिजे होतं की! मोठ्यांना कळत नाही म्हटल्यावर पोरांना ते जास्तच आपलं वाटतं.

आता दुसरी बाजू. परवा एक बाई आल्या, "ते हो, तो माणूस धपकन पडतो बघा, ते द्या." कुठल्या कंपनीचं? आठवेना. पडलेला माणूस आठवतोय, नाव नाही. मग ज्यात मला मार्जिन बरं आहे ते पाकीट मी पुढं सरकवलं, खोटं कशाला बोलू, आणि त्या घेऊन पण गेल्या. माणूस पाडायचा खर्च एकाचा आणि धंदा दुसऱ्याचा!

आणि आपले भडंगवाले काय करतात? लोकल केबलवर पाकिटाचा फोटो, भाव आणि फोन नंबर. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सीतास्वयंवर केलं, ज्यांच्या नाटकात विदूषक लागायचाच, तिथं ही तऱ्हा. अरे, भडंगातच विनोद भरलाय की! लसणाचा वास असा की ऑफिसात कुणी चोरून खाऊच शकत नाही, घरात आधी शेंगदाणे वेचणारा एक असतोच, आणि डब्याच्या तळाचा तिखटाचा चुरा ज्याच्या वाट्याला येतो तो ठसकून ठसकून लाल. एवढ्यात तीन जाहिराती होतील, नटनट्या पण नकोत, एकांकिका करणारी आपली पोरं आहेतच.

कुणी भडंगवाले हे वाचत असतील तर दुकानावर या, आयडिया फुकट सांगतो, फक्त मार्जिनचं तेवढं बघा.

एक दुकानदार,
विश्रामबाग, सांगली