गोळी आणि वही

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "एकदा डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या की जन्माच्या चिकटतात म्हणे." पलीकडून वहिनींचा आवाज येत होता, म्हणून मी विषय बदलला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. म्हणून हे पत्र.

चार वर्षांपूर्वी मी भेटायचं टाळत होतो, आठवतं? ऑफिसचं काम वगैरे थापा होत्या. सकाळी ब्रशवर पेस्ट लावून बेसिनसमोर अर्धा अर्धा तास उभा राहायचो. दात कशाला घासायचे, हेच कळायचं नाही.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो. रिपोर्ट चांगले आले आणि एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू झाली, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. पहिला आठवडा नुसती मळमळ. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काडीचा फरक नाही, मी डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. साधारण महिनाभराने एके दिवशी बसमध्ये लक्षात आलं, अरे, आज दात कधी घासले तेच आठवत नाही! बरं वाटण्याची सुरुवात इतकी फालतू होती.

आणि मग मी गाढवपणा केला. तीन महिन्यांत ठणठणीत वाटायला लागल्यावर कोणालाही न विचारता गोळी सोडली. डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चक्कर, बायकोवर चिडचिड. ते पंधरवड्यात थांबलं, पण दोन महिन्यांनी पुन्हा बेसिनसमोर उभा. बरं वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने गोळी घ्यायची आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायची, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. व्यसन असतं तर डोस वाढत गेला असता ना? माझा १०च्या वर कधी गेला नाही, आणि पुढे सुटलीही. सवय लागते ती क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांची. त्या थोडेच दिवस देतात, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणत बसू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न, नुसतं काउन्सेलिंग चालेल का. सौम्य असेल तर चालतं. पण तुझी झोप उडालीय, जेवण सुटलंय, तेव्हा दोन्ही लागेल असं मला वाटतं. ठरवतील डॉक्टर. तिथे कोणी उपदेश करत नाही, तो आपले नातेवाईक फुकट करतात. मला एक वही घालायला लावली: काय घडलं, मनात काय आलं, मग कसं वाटलं. पहिली नोंद अशी होती: 'साहेबांनी मेसेजला उत्तर दिलं नाही. मी बिनकामाचा.' काउन्सेलर बाई म्हणाल्या, "या दोन वाक्यांच्या मधलं वाक्य कुठंय?" मी बघतच राहिलो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडक्यांनी आपल्याकडे रुजवली, मराठीत लिहिलीही. दुसरा गृहपाठ याहून साधा होता: इच्छा होवो न होवो, सातला दूध आणायला खाली उतरायचं. इच्छा मागून येते. मला आठवड्याने आली.

तुला विजेच्या शॉकची जी भीती वाटते, ती तुझ्या काकांनी घातली असणार. आता तो भूल देऊनच देतात, भूल न देता द्यायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. फारच बिकट आजारात तो खरोखर उपयोगी पडतो. तुझं तिथवर गेलेलं नाही.

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि रात्री 'मी नसलोच तर बरं' असं काही डोक्यात आलं तर मला उठव. मी नाही उचलला तर १४४१६ लाव, टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. वहिनींनाही हा नंबर दे. आत्ताच दे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. स्टँडवर घ्यायला ये, आंघोळ करून. तिथून थेट डॉक्टरांकडे जाऊ. मी बाहेर बाकावर बसेन.

तुझाच,
पम्या