नकार देणाऱ्या सेविकांना आधी विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अंगणवाडीच्या नोंदींसाठी केंद्र सरकारने केलेल्या पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय गरोदर-स्तनदा माता आणि लहान मुलांसाठीची घरपोच आहाराची पाकिटं द्यायची नाहीत, हा नियम १ जुलै २०२५ पासून लागू आहे. अंगणवाडी सेविकांनी त्याला विरोध केला की ‘बायकांना मोबाइल जमत नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून नोकरी केल्यामुळे मी या बायकांना जवळून ओळखते. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन आणि लशीची तारीख जिला तोंडपाठ असते, ती एखाद्या ॲपला घाबरून मागे हटत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले होते, तेव्हाही हेच बोललं गेलं. फोन दोन जीबी रॅमचे, तापणारे, मधेच बंद पडणारे. त्यात तेव्हा नवं असलेलं हेच पोषण ट्रॅकर ॲप चालेना, आणि माहिती इंग्रजीत भरायची. ॲप करणाऱ्यांना फुकटात मिळालेला तपासणी अहवालच होता तो! कुणी शांतपणे वाचला असता तर पुढचं पाऊल वेगळं पडलं असतं.

आमच्या भागातल्या एका पाड्यावर हे नुकतंच पाहिलं. अंगणवाडीत रेंज नाही, म्हणून सेविका एका ओल्या बाळंतिणीला घेऊन टेकाडावर गेली. बाळ मदतनीसाकडे. पदर मागे सार, डोळे मिचकाव, पुन्हा मिचकाव. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, चेहरा जुळेना. पडताळणीचा ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा निफाडकडे द्राक्षबागेत कामाला. त्याने फोन उचलला नाही. बाई रिकाम्या हाताने घरी गेली आणि बोल मात्र सेविकेला लागले.

आहारात चोरी होते, खोटी नावं घुसतात, हे मी नाकारत नाही. पण फोटोने चोरी थांबते का? रोजगार हमीच्या हजेरी ॲपवर फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते, असं जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं आणि फोटो माणसांकडून तपासून घ्यायला सांगितलं. लबाडाला वाट सापडते, अडते ती टेकाडावरची बाई.

गरोदर व स्तनदा मातांचा आणि लहान मुलांचा आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ रोखू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात सांगितलं आहे. मग ज्यांना चेहरा द्यायचा नाही किंवा ज्यांचा जुळत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट ॲप बनवतानाच ठेवायला हवी होती. वरिष्ठांची परवानगी न मागता रजिस्टरवर सही-अंगठा घेऊन आहार देता यावा, आणि तशी नोंद केली म्हणून सेविकेचं मानधन कापलं जाऊ नये.

ॲप केंद्राचं आहे, आपल्या हाती काही नाही, हे उत्तर राज्याने देऊ नये. पुढचा बदल येण्याआधी महिला व बालविकास विभागाने ॲप नाकारणाऱ्या सेविकांना बोलवावं, त्यांच्याच पाड्यावर, त्यांच्याच फोनवर ते चालवून पाहावं आणि त्यांचं म्हणणं केंद्राला लेखी कळवावं. तोवर अंगणवाड्यांत पडून असलेली पाकिटं वहीवर वाटण्याचे आदेश निघावेत.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका, जि. नाशिक