ब्लॉकेजवर खूप झालं, आता ठोक्यांवर पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या आरोग्य पुरवणीत हृदयावर काही आलं की मी आधी तेच पान उघडते, पण खरं सांगू का, दरवेळी तेच ते. कोलेस्टेरॉल, ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी, छातीत दुखलं तर काय करायचं. महत्त्वाचंच आहे, नाही म्हणत नाही. पण ज्यांच्या रक्तवाहिन्या एकदम साफ आहेत आणि तरी ठोके धड पडत नाहीत अशी पण भरपूर माणसं आहेत, त्यांनी काय वाचायचं? मी त्यातलीच एक. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आम्ही पेशंट लोक नुसतं एएफ म्हणतो.

होतं काय तर हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, मिनिटाला ३५०-४०० च्या वर सिग्नल सुटतात, नशीब की मधे एक गाळणी आहे ती सगळे खाली जाऊ देत नाही, त्यामुळे खालचे कप्पे १२०-१५० वर थांबतात, पण तेही वेडेवाकडे. निवांत बसलेलं असताना हे सुरू होतं. आधी गळ्याशी काहीतरी फडफडल्यासारखं वाटतं, मग दोन ठोके पटपट, मधेच एक गायब, मग एक असा जोरात की उशीवर कान टेकला तर त्यातही ऐकू येतो. अशा वेळी घरचं बीपी मशीन लावून बघा, एकदा एक आकडा, पाच मिनिटांनी भलताच, तिसऱ्यांदा नुसतं एरर. मशीन बिघडलेलं नसतं हो, ठोके एकसारखे असतील असं धरूनच ते बनवलेलं असतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं पण तेच, हलके ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत, मग तो नाडी ९० दाखवतो आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून १३० मोजतात.

आणि सगळ्यात वैताग कशाचा येतो तर हे काही तासांनी आपोआप थांबतं. धावतपळत जाऊन ईसीजी काढेपर्यंत सगळं जागेवर, आणि कागद हातात देऊन सांगतात, नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या. मला हे बरेच दिवस ऐकावं लागलं आणि बायका असल्या की हे जरा जास्तच ऐकवतात असं माझं स्पष्ट मत आहे. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत हृदय नीट चाललं म्हणून काल रात्रीचा त्रास खोटा ठरत नाही ना. आइंथोव्हेन यांना ईसीजीसाठी १९२४ साली नोबेल मिळालं, शंभर वर्षं होऊन गेली, आणि अजून पेशंटलाच सांगावं लागतं की बाबांनो जास्त वेळ रेकॉर्ड करा. त्यासाठी २४ किंवा ४८ तासांचा होल्टर असतो, म्हणजे अंगावर लावून फिरायचं छोटं ईसीजी मशीन, त्यात नाही सापडलं तर छातीवर चिकटवायचा पॅच असतो जो एक-दोन आठवडे चालतो, अगदीच क्वचित होत असेल तर कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर पण मिळतो. माझं होल्टरमधेच सापडलं. आजकाल घड्याळं पण ईसीजी काढतात, ऐन त्रासाच्या वेळी काढून ठेवलेली ती पट्टी डॉक्टरांना दाखवायला बरी पडते, पण घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही हे लक्षात ठेवा, आणि दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत बसलं तर नुसत्या धास्तीनेच आकडा वर जातो.

उगाच कुणाला घाबरवायचं नाहीये. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखं वाटणं जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी होतं. एक ठोका वेळेआधी पडतो, मग जरा मोठा गॅप, आणि पुढचा जोरात लागतो, हृदय बाकी चांगलं असेल तर बहुतेक वेळा त्याचं काही करावं लागत नाही. श्वास घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, तेही नॉर्मल. रोज व्यायाम करणाऱ्यांची नाडी आराम करताना पन्नासच्या खाली पण असते. थायरॉइड, रक्त कमी असणं, पोटॅशियम, दारू, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, यातल्या कशानेही लय बिघडू शकते, म्हणून आधी ते तपासतात.

एएफची खरी भीती धडधडीची नाहीच. वरच्या कप्प्यात रक्त साचून राहतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की स्ट्रोक. धोका साधारण पाचपट वाढतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात, आणि लोक नेमकी तीच सोडतात, का तर आता बरं वाटतंय म्हणून. अहो, ती गोळी धडधडीसाठी नसतेच. वय, बीपी, शुगर, आधी स्ट्रोक झालाय का, हे बघून ती ठरवतात, महिन्यात किती वेळा त्रास झाला त्यावर नाही. तिच्याऐवजी अ‍ॅस्पिरिन घेऊन काम भागत नाही. वॉरफेरिन ही जुनी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा टेस्टमधला आकडा, सहसा २ ते ३ मधे ठेवायचा असतो, नवीन गोळ्यांना ती टेस्ट लागत नाही पण अधूनमधून किडनी तपासावी लागते. दात काढायचा असला तरी विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि अंग दुखतंय म्हणून मनाने पेनकिलर तर अजिबातच घेऊ नका, ब्लीडिंग होऊ शकतं.

घरच्यांसाठी पण दोन शब्द. दिसायला आम्ही ठणठणीत असतो म्हणून नाटक वाटतं. त्रास होऊन गेला की दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं, जिना चढताना मधेच थांबावं लागतं. तेव्हा काळजी करू नकोस म्हणण्यापेक्षा शेजारी बसून नाडी बघा. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवायची (अंगठ्याने बघायचं नाही, त्याला स्वतःची नाडी असते) आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं इथे चालत नाही. पण चक्कर येऊन पडली, छातीत दुखायला लागलं, फार धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर नाडी मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल. स्ट्रोकची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

तर साहेब, विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत एक पान लयीला द्या, नाडी कशी बघायची त्याचा नीट फोटो छापा आणि इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टलाच, म्हणजे ठोक्यांच्या लयीच्या स्पेशालिस्टलाच, लिहायला सांगा. आणि ते भेटले तर आमच्यासारख्यांच्या वतीने एक विचारा, अ‍ॅब्लेशन करून (म्हणजे चुकीचे सिग्नल सोडणारा हृदयातला भाग नळीने आतून निकामी करून) ठोके सरळ झाल्यावर सुद्धा कितीतरी जणांची रक्त पातळ करायची गोळी चालूच का ठेवतात? ओपीडीत हे विचारायला घेतलं की पुढचा नंबर पुकारतात.

आपली,
एक नियमित वाचक