सतरा वर्षं सात महिने

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "अण्णा, झालं गेलं ते गेलं, आता कशाला उकरून काढायचं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. सवडीने वाच, पण सगळं वाच.

उकरायला ते यात्रेतल्या मारामारीचं प्रकरण पुरलं गेलेलंच नाही, बाळा. चारित्र्य पडताळणीत ते दरवेळी वर येतं. पोलीस भरतीचं ग्राउंड तू चांगल्या मार्कांनी काढलं होतंस आणि पडताळणीचा फॉर्म हातात पडल्यावर माघारी फिरलास. दिवाळीला आलास तेव्हा भरतीच्या जाहिरातीचं पान तू न वाचताच उलटलंस, ते तुझ्या आईने पाहिलंय. तिने तुला काही विचारलं नाही, पण रात्री मला सांगितलं.

मे 2017 मधली यात्रेतली मारामारी. तू त्यात होतास, समोरच्या पोराचं डोकं फुटलं, टाके पडले. हे खोटं आहे असं म्हणायला मी तुला कधीच सांगणार नाही. पण अटकेच्या कागदावर तुझं वय 'अंदाजे 19' असं लिहिलं गेलं आणि दाखला कोणी मागितला नाही. पुढच्या वर्षी केस बोर्डावर आली तेव्हा तू अठरा ओलांडली होतीस, त्यामुळे वयाचा मुद्दा कोणाच्याच डोक्यात आला नाही. 'कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा,' असा सल्ला मिळाला. कलम 324, म्हणजे घातक हत्याराने दुखापत; दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. साहेब उठेपर्यंत तू मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होतास. बाहेर आल्यावर चुलते म्हणाले, सुटलो एकदाचे. शिक्षा त्या संध्याकाळी संपली, पण दोषी ठरल्याची नोंद तशीच राहिली.

आता मुद्द्याचं. तुझा जन्म 9 ऑक्टोबर 1999 चा. घटनेच्या दिवशी तुला सतरा वर्षं सात महिने झाले होते. निकालाच्या दिवशी वय किती हे कायदा बघत नाही, गुन्हा घडला त्या दिवशी किती होतं ते बघतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2005 मध्येच हे पक्कं केलंय. म्हणजे तुझं प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात चालायलाच नको होतं, ते अठराखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे जायला हवं होतं. आणि बाल न्याय कायदा, 2015 याच्या कलम 9 मध्ये स्वच्छ लिहिलंय की अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागून गेल्यावरसुद्धा करता येतो. कोर्ट वयाची चौकशी करतं. तू तेव्हा अल्पवयीन होतास असं ठरलं, तर प्रकरण मंडळाकडे जातं आणि आधीची शिक्षा अमलातच नव्हती असं धरलं जातं. मंडळ तुझ्या वागण्याचा विचार करील, समज देईल किंवा आणखी काही सांगेल. ते सोसायची तुझी तयारी आहे, हे मला ठाऊक आहे.

पुढचं कलम 24 माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. मंडळाकडून प्रकरण मिटलं की त्या गुन्ह्यामुळे कुठलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत गेल्यावर ते रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. कलम 74 प्रमाणे पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती माहिती उघडसुद्धा करायची नाही.

पुराव्याचं म्हणशील तर वयाच्या चौकशीत नुसतं प्रतिज्ञापत्र चालत नाही. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीची नाहीतर नगरपालिकेची जन्मनोंद, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणून मी आपल्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर काढून पाहिलं. तुझी ओळ निळ्या शाईत आहे, तारीख आकड्यात आणि खाली अक्षरी, 'नऊ ऑक्टोबर एकोणीसशे नव्याण्णव'. खाडाखोड नाही. मी जन्मभर मास्तरकी केली, मला माहीत आहे की त्याच पानावरच्या कितीतरी पोरांचा जन्म 1 जूनचा लावलेला आहे, कारण दाखल करताना आईबापांना तारीख सांगता आली नाही. अशा तारखेवर समोरचा वकील सहज बोट ठेवतो. तुझी तशी नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीशी ती तंतोतंत जुळते.

इतक्या वर्षांनी कोण ऐकणार, असं तुला वाटतं. पुण्यात 1994 मध्ये पौड रस्त्यावर एका घरात सात जणांचे खून झाले होते. त्यातल्या एका आरोपीला फाशी झाली, सुप्रीम कोर्टानेही ती कायम केली. त्याने पुढे वयाचा दावा केला, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, राजस्थानातल्या गावच्या शाळेचं रजिस्टर धरलं गेलं, आणि घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असं ठरलं. मार्च 2023 मध्ये तो सुटला, तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. ते प्रकरण आणि तुझं एका तागडीत तोलायचं नाही, मेलेल्या माणसांची आठवण ठेवूनच मी हे लिहितोय. पण दार तेच आहे आणि ते उघडतं.

तुझ्याबरोबरचा दत्ता तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याला हा रस्ता नाही. मोठ्या माणसाची शिक्षा अशी पुसून टाकायची सोय आपल्याकडे नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कबुली दिली असेल तर अपीलही बहुतेक शिक्षेच्या प्रमाणापुरतंच उरतं. परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायच्या कायद्याचा, काही फायदा मिळेल का, ते वकील त्याच्यासाठीही बघतायत. तुझं झालं आणि त्याचं राहिलं, म्हणून तू मागे थांबू नकोस.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळ. आदेश हातात येईपर्यंत कुठल्याही फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का' या रकान्यात 'नाही' लिहू नकोस. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माहिती खरीच द्यायची. किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारे दुर्लक्ष करू शकतात, पण जाणूनबुजून लपवलं तर त्याच कारणावरून नोकरी जाऊ शकते.

गावात परत चर्चा होईल, ही तुझी खरी भीती. होईल, चार दिवस. मंडळापुढचं काम बंद दाराआड चालतं आणि मुलाचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे. आणि समज की कोणी काही बोललंच, तर तू दयेची भीक मागायला गेलेला नाहीस. तेव्हाच मिळायला हवं होतं ते तू मागतोयस. मला बाप म्हणून हे फार लागतं, सुहास. तू चाकणच्या कंपनीत रात्रपाळ्या करतोस, घर चालवतोस, त्याचं काही कमीपण नाही. पण मैदानावर धावताना तुझा जो चेहरा असायचा, तो मी नंतर पाहिलेला नाही.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मी अर्ज देऊन काढली आहे. अर्ज त्याच कोर्टात द्यायचा की सेशनला, ते वकील तुझ्याशी बोलून ठरवतील. वकीलपत्रावर सही तुझीच लागते. पुढच्या शनिवारी दोनची वेळ घेतली आहे. येताना दहावीचं मूळ प्रमाणपत्र आण, झेरॉक्स नको. आणि तुझ्याकडे दंडाची पावती असेल तर तीही शोध, माझ्या फाईलमध्ये ती नाही.

तुझा,
अण्णा